न उठण्याच्या अटीवर बँकॉक

बँकॉकला जाण्याआधी तीन आठवडे पुंडलिकनगरातल्या एका बैठकीत एक अट ठरली. ती ठरली तेव्हा मी हजर होतो. पुढे तिचा साक्षीदार म्हणूनही मलाच नेमण्यात आले, त्यामुळे ती आधी सांगतो.

अट घालणारी मुलगी माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीची नात. या थोरल्या बहिणीला घरात सगळेच आक्का म्हणतात, मीही म्हणतो. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आक्का आईच्या पोटात होत्या. वय विचारले की त्या एवढेच सांगतात आणि बाकीचे गणित विचारणाऱ्यावर सोडतात. त्यांची शेती फुलंब्रीच्या पुढे, मुलगा शहरात नोकरीला, पुंडलिकनगरातले घर त्याचे, नात इंजिनीअर. नातीचे लग्न पुण्यातल्या मुलाशी ठरले होते.

लग्न ठरले की आमच्याकडे पहिले मोठे काम बस्त्याचे. दोन्हीकडची माणसे एका दुकानात बसतात आणि नवरीच्या शालूपासून लांबच्या मावशीच्या साडीपर्यंत सगळे कापड एका बैठकीत घेतात. माणसे पंधरा असतात, पण दुकानदाराशी बोलायचे एकानेच. आमच्या कुटुंबात चाळीस वर्षे ते काम आक्कांकडे होते.

त्यांची पद्धत ठरलेली होती. शहरातल्या गुलमंडी बाजारातल्या दुकानाचा जिना चढायचा, पांढऱ्या गादीवर बसायचे. चहा येतो, साड्या उलगडल्या जातात, भाव निघतो. आक्का त्याच्या निम्मा सांगतात. दुकानदार कानाला हात लावतो. असे तासभर चालले की आक्का उठतात. हे उठणे रागाचे नसते, तो कामाचाच भाग असतो. त्या उठल्या की बाकीची चौदा माणसेही उठतात. जिन्याशी चपलांचा ढीग असतो आणि त्यातून आपली जोडी शोधायला वेळ लागतो. तो वेळ दुकानदाराचा. मागे बघायचे नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर हाक येते, "ओ आक्का, या वर. तुमचंही राहू द्या, माझंही राहू द्या." मग वर जायचे, दुसरा चहा घ्यायचा आणि बस्ता बांधून निघायचे. न बोलावता परत गेलेला माणूस पुन्हा त्या दुकानात तोंड उघडू शकत नाही, असे आक्कांचे मत होते. चाळीस वर्षांत त्या एकदाही न बोलावता परत गेल्या नव्हत्या.

नातीला नेमके हेच नको होते. दोन वर्षांपूर्वी तिच्या चुलतभावाच्या बस्त्यात आक्का तीनदा उठल्या. तिसऱ्यांदा हाक यायला उशीर झाला आणि मागे बघायचे नसल्यामुळे त्या सरळ चालत पैठण गेटपर्यंत गेल्या. तिथे दुकानाचा माणूस स्कूटरवर त्यांना बोलवायला आला. ही हकीकत आक्काही सांगतात आणि नातही सांगते. ऐकणाऱ्याला त्या दोन वेगळ्या घटना वाटतात.

"आज्जी, ते पुण्याचे लोक आहेत," नात म्हणाली. "त्यांच्यासमोर तू उठून चालायला लागलीस तर त्यांना वाटेल भांडण झालं."

"मग पुण्यालाच घ्या बस्ता. तिथं भावाची चिठ्ठी लावलेली असती म्हनं. मी कशाला पायजे मग?"

"तेच म्हणतोय आम्ही."

आक्कांनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. आपण एक वाक्य जास्त बोललो, हे नातीच्या लक्षात आले असावे. ती उठून आत गेली आणि पर्समधून बोटभर चिंधी घेऊन आली.

आमची बँकॉकची तिकिटे तेव्हा निघालेली होती. शहरातल्याच एका प्रवासवाल्याची निवृत्त लोकांसाठीची पाच दिवसांची सहल होती. पत्नीच्या आग्रहामुळे आक्काही येणार होत्या. नातीला रिसेप्शनच्या पोशाखासाठी थाई रेशीम हवे होते. रंग आमसुली, पण उजेडात धरले की सोनेरी झाक मारणारा. तिने चिंधी आज्जीच्या तळहातावर ठेवली.

"या रंगाचं सहा मीटर आण. भाव कर, काय वाटेल ते कर. पण एका जागी बसून. एकदाही उठायचं नाही. जमलं तर बस्ता गुलमंडीत आणि बोलायचं तू. नाही जमलं तर पुण्यात."

"अन् मी येऊन खोटंच सांगितलं तर?"

"आजोबा आहेत ना बरोबर. ते पेपरात होते. ते खोटं लिहीत नाहीत."

लिहीत नव्हतो, हे खरे आहे. बोलण्याबद्दल कोणी विचारले नाही.

बँकॉकच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आमच्यातल्या चौथ्या माणसानंतर मान वर केली. आम्ही एकवीस जण होतो आणि त्यातल्या तेरा जणांची जन्मतारीख एक जून होती. शाळेत नाव घालताना मास्तर जी तारीख लिहीत, तीच पुढे सगळीकडे गेली. अधिकाऱ्याने शेजारच्या खिडकीतल्या बाईंना बोलावून पासपोर्ट दाखवले. दोघे थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिले. आक्कांनी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही लगेच हात जोडून मान झुकवली. सरकारी माणसाने उलटा नमस्कार केल्याचा आक्कांचा हा पहिलाच अनुभव. या शहराबद्दलचे त्यांचे मत तिथेच चांगले झाले.

पहिले दोन दिवस देवळे, नदीतली नाव आणि मोठी दुकाने यांत गेले. आठ मजल्यांच्या एका दुकानात आक्का देवळात फिरतात तशा फिरल्या, हात मागे बांधून, कशालाही न शिवता. रेशमाचे दालन पाचव्या मजल्यावर होते. तिथे प्रत्येक ठाणाला भावाची चिठ्ठी लावलेली होती आणि शेजारी गणवेशातली एक मुलगी हसत उभी होती.

"हितं मानूस कुठंय?" आक्कांनी विचारले.

"ही काय, उभी आहे की," पत्नी म्हणाली.

"हिला भाव ठावं नाय. भाव चिठ्ठीला ठावं हाय. चिठ्ठीशी काय बोलावं?"

तरीही त्यांनी चिंधी काढून सात-आठ ठाणांवर लावून पाहिली. "हे वांगी झालं. हे जांभूळ. हे डाळिंब. आमसूल नाय." त्या मुलीने हात जोडले, आक्कांनीही जोडले आणि आम्ही खाली आलो. त्या दुकानात एकदाही बसणे झाले नव्हते, त्यामुळे उठण्याचा प्रश्न आला नाही.

शनिवारी आम्हाला आठवडी बाजारात सोडण्यात आले. हा बाजार शनिवारी आणि रविवारी भरतो. पत्र्याची छपरे, दोन माणसे जेमतेम जातील अशा गल्ल्या, आणि गल्लीला गल्ली फुटत जाते. ऊन आपल्या मे महिन्याचे, फक्त ओले. प्रवासवाल्याने बस दुपारी तीनला सुटेल असे तीनदा सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळचे विमान होते. म्हणजे कापड मिळायचे तर त्याच दिवशी मिळायचे होते.

कापडाच्या गल्ल्या सापडेपर्यंत साडेदहा वाजले. पाच-सहा दुकाने झाली. सातवे दुकान म्हणजे आपल्याकडच्या दोन पलंगांएवढी जागा, तिन्ही बाजूंना ठाण, मधे एक चटई आणि छताला पंखा. मालकीण पन्नाशीची, गळ्यात मोजपट्टी. अशा दुकानात गिऱ्हाईक बाहेर उभे राहूनच बोलते, हे एव्हाना आमच्या लक्षात आले होते. आक्कांनी चपला काढल्या, आत गेल्या आणि चटईवर मांडी घालून बसल्या.

मालकीण क्षणभर गोंधळली. मग तीही समोर बसली.

आक्कांनी रुमालाची गाठ सोडून चिंधी दाखवली. मालकिणीने ती बोटांत चोळली, उजेडात धरली आणि मागे वळून सर्वांत खालचा एक ठाण ओढून काढला. आक्कांनी चिंधी त्यावर ठेवली. चिंधी दिसेनाशी झाली.

"सापडलं बाई," पत्नी म्हणाली.

"गप. तिच्यासमोर खुशी दाखवू नको."

पुढच्या अर्ध्या तासात आक्का मराठी बोलत होत्या आणि मालकीण थाई. दोघींना अडचण आली नाही. आकडे दाखवायला कॅल्क्युलेटर होता. मालकिणीने एक आकडा मांडला. आक्कांनी तो पुसून त्याच्या निम्मा मांडला. मालकीण हसली आणि तिने दोन्ही हात छातीवर ठेवले. आमच्याकडे कानाला लावतात, एवढाच फरक.

"रंग बरा हाय, बाई, पन सूत पातळ हाय. धुतलं की निम्मं व्हईल."

मालकीण काहीतरी लांबलचक बोलली. तिने कापडाचे टोक मुठीत चुरगाळून सोडले आणि त्यावर चुणी पडत नाही हे दाखवले.

"व्हय, व्हय. दुकानात समदेच चुरगाळून दाखवतेत."

कॅल्क्युलेटर चार वेळा इकडून तिकडे गेला. मालकीण एकदा थोडी खाली आली आणि तिथेच थांबली. तिने कॅल्क्युलेटर कापडावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. आक्कांनीही हात मांडीवर घेतले. पंखा फिरत होता. साडेअकरा वाजले होते.

"भाव ठीक आहे की, आक्का," पत्नी कुजबुजली. "घेऊन टाक."

आक्का उठल्या.

ते त्यांनी ठरवून केले असे मला वाटत नाही. चाळीस वर्षांची सवय गुडघ्यांत असते आणि निर्णय आधी गुडघ्यांनी घेतला. पत्नीने पदर ओढला तोवर उशीर झाला होता. आक्कांच्या चेहऱ्यावरून काय झाले ते त्यांनाही कळल्याचे दिसत होते, पण उभ्या माणसाला आता पुढचे सगळे करणे भाग होते. त्यांनी हात जोडले. मालकिणीनेही उठून हात जोडले. बाहेर चपलांचा ढीग नव्हता, त्यांची एकच जोडी होती. तरी आक्कांनी ती शोधली. डावी चप्पल उजव्या पायात घातली, काढली, परत घातली. मग निघाल्या.

"मागं बगू नका कुनी," त्या म्हणाल्या.

आम्ही पाहिले नाही. एक वळण झाले, दुसरे झाले, तिसरे झाले.

"पाव्हणं, हाक आली का?" आक्कांनी मला विचारले.

"नाही."

"गर्दीत ऐकू आली नसंल तुमाला."

"माझे कान चांगले आहेत, आक्का."

"पेपरवाल्याचे कान. दुसऱ्याच्या घरातलं ऐकू येतं, पाठीमागचं नाय."

बाजाराच्या मधोमध खाण्याच्या गाड्या होत्या. आम्ही तिथल्या एका बाकावर बसलो. आल्या गल्लीकडे आक्कांची पाठ होती, तशीच त्यांनी ती ठेवली.

"यील ती," त्या म्हणाल्या. "स्कूटर काढायला येळ लागत असंल."

"आत स्कूटर येत नाही," मी म्हणालो.

"मग चालत यील. तेवढा येळ तर द्यावा मानसाला."

शनिवारी आक्कांना मांस-मासळी चालत नाही. असे काहीही नको असेल तर 'जे' म्हणायचे, आणि ज्या गाडीला पिवळी पताका असेल तिथे खायचे, असे प्रवासवाल्याने सांगितले होते. पिवळ्या पताकेची एक गाडी समोरच होती. तिथली बाई मातीच्या उंच उखळात लाकडी मुसळीने कच्ची पपई, चवळीच्या शेंगा, शेंगदाणे, गूळ आणि लिंबू कुटत होती. आक्का तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"ह्यो तर ठेचाच की," त्या म्हणाल्या. "पपईचा."

मिरच्या किती, ते बोटे दाखवून सांगायचे होते. पुढे उभ्या असलेल्या गोऱ्या माणसाने एक बोट दाखवले होते. आक्कांनी एका हाताची पाच दाखवली, मग दुसऱ्याही हाताची. बाई हसली आणि तिने चार टाकल्या. आक्का गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या, तिच्या टोपलीतून मोजून सहा मिरच्या घेतल्या, उखळात टाकल्या आणि कुटायची खूण केली. बाईने कुटले. मग तिने शेजारच्या गाड्यांवरच्या चौघींना हाक मारली. आक्का पहिला घास घेत होत्या तेव्हा समोर पाच जणी उभ्या होत्या.

"समदं बरं हाय," आक्का म्हणाल्या. "लसूण तेवढा इसरली ही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. मी त्यातला एक चमचा घेतला. नंतरची काही मिनिटे माझ्या नोंदीत नाहीत.

शुद्धीवर आलो तेव्हा पत्नी आंबा आणि चिकट भात घेऊन आली होती. वर नारळाचे गोड दूध होते. त्या पदार्थात आंब्याच्या फोडी एकीकडे आणि भात एकीकडे मांडलेला असतो. आक्कांनी काटा बाजूला ठेवला आणि सगळे हाताने कालवले.

"आंबा हाय, भात हाय, दूध हाय. कालवायचं कुनी सांगितलंच नाय ह्यांना."

ताट चाटूनपुसून झाले. हाक आलेली नव्हती. दीड वाजला होता.

"आक्का," पत्नी म्हणाली, "तू उठलीस."

"व्हय."

"अट मोडली."

"मला काय कळत नाय? उभी राहिले तवाच कळालं."

"मग तेव्हाच खाली बसायचं होतंस."

"उठलेल्या मानसानं आपलं आपन खाली बसायचं?" आक्का म्हणाल्या.

पत्नीने ताट बाजूला सारले. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मी जाते आणि घेऊन येते. तू इथंच बस. तुला कोणी परत जाताना बघणार नाही."

"अन् हे काय सांगतेल घरी?"

दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, जे पाहिले ते सांगेन.

"निवृत्त होऊन सहा वर्षं झाली," पत्नी म्हणाली, "तरी माणूस ड्युटीवरच. घरात दूध उतू गेलं तरी आधी कोणी सांगितलं ते विचारतात."

आक्का हसल्या नाहीत. त्या बाकावर अर्ध्या वळल्या आणि आम्ही आलो होतो त्या गल्लीकडे त्यांनी पहिल्यांदा पाहिले. शेकडो माणसे येत होती, जात होती. आजूबाजूच्या दुकानांतूनही गिऱ्हाइके भाव विचारत होती, निघून जात होती. कोणीच कोणाला हाक मारत नव्हते. आक्कांनी हे पाच मिनिटे पाहिले.

"हाक मारायची रीतच नाय हितं," त्या म्हणाल्या. "मग मी उठले कुनासाठी?"

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"पाव्हणं, त्या दुकानाचा नंबर लिवलाय का तुमी?"

लिहिला होता. विभाग, गल्ली, क्रमांक. पत्ता पुरा नसेल तर बातमी पुरी होत नाही, ही सवय.

"चला मग."

परत जायला अर्धा तास लागला, कारण नंबर माहीत असणे आणि गल्ली सापडणे या त्या बाजारात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आक्का पुढे चालत होत्या. दुकानापासून दहा पावलांवर त्या थांबल्या, पदराने कपाळ पुसले आणि कोणी पाहत नाही ना, असे इकडेतिकडे पाहिले. बँकॉकमध्ये आम्हा दोघांखेरीज त्यांना ओळखणारी माणसे अठरा. ती सगळी त्या वेळी बहुधा बॅगांच्या दुकानात होती.

मालकीण वाडग्यातून शेवया खात होती. आम्हाला पाहून तिने वाडगा खाली ठेवला, हात पुसले आणि बाजूच्या फळीवरून तोच ठाण काढला. त्याला रबर लावलेले होते आणि वर एक कागद अडकवलेला होता. मालकिणीला थोडे इंग्रजी येत होते. हे कोणासाठी ठेवले आहे, असे मी विचारले.

"आजींसाठी," ती म्हणाली. "आजी जेवायला गेल्या होत्या ना?"

मी तिला विचारले, तसे का वाटले? तिला प्रश्नच विचित्र वाटला. जेवायची वेळ झाली होती, आजी दमल्या होत्या, नमस्कार करून गेल्या. नको असते तर नमस्कार कशाला करतील?

मी हे आक्कांना सांगितले.

"जेवायलाच गेलते की," आक्का म्हणाल्या. "काय चुकलं तिचं?"

त्यांनी चपला काढल्या आणि चटईवर बसल्या. कॅल्क्युलेटर मागून घेतला आणि मालकीण शेवटी जिथे थांबली होती तो आकडा मांडून तिच्यापुढे धरला. मालकिणीने मान डोलावली. मग कॅल्क्युलेटर घेऊन तिने स्वतःच त्यातून थोडे कमी केले.

आक्का आमच्याकडे वळल्या. "आता कामून कमी करती ही? मी तर बसलेली हाय!"

मालकिणीने सहा मीटर मोजले, वर चार बोटे सोडून कापले आणि कापड कागदात बांधून दोन्ही हातांनी दिले.

बसपाशी पोचायला सव्वातीन वाजले. बसमधले अठरा जण घामाघूम होऊन आमची वाट पाहत होते.

"काय आक्का," छावणी भागातले एक निवृत्त मास्तर मागच्या सीटवरून म्हणाले, "सगळं बँकॉक घेतलं काय?"

"नाय, सहाच मीटर घेतलं. बाकीचं तुमाला ठिवलंय."

विमानात पत्नीने मला विचारले, "तिकडं काय सांगणार आहात?"

मी म्हणालो, झाले ते.

"'आक्कांनी कापड आणलं.' एवढंच सांगा ना. त्यात खोटं काय आहे?"

"ते शीर्षक झालं. बातमी नाही."

"मग शीर्षकच द्या. लोक तेवढंच वाचतात."

आक्का खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. त्या तशाच म्हणाल्या, "समदं सांगा, पाव्हणं. काटछाट करू नका. माझी नात हाय, गिऱ्हाईक नाय."

पुंडलिकनगरात आम्ही पोचलो त्या संध्याकाळी नात वाटच पाहत होती. तिने कागद उघडला, कापड ट्यूबलाइटखाली धरले, फिरवले. झाक पडली. कापड तिने हातातून सोडले नाही. मग माझ्याकडे पाहिले.

मी चार वाक्यांत सांगितले. पहिल्यांदा भाव पटला नाही तेव्हा आक्का उठल्या. कोणी हाक मारली नाही. अडीच तासांनी त्या स्वतः परत गेल्या. मालकीण म्हणाली होती त्या भावाला त्यांनी कापड मागितले.

"तिसरं पुन्हा सांगा," नात म्हणाली.

"अडीच तासांनी त्या स्वतः परत गेल्या."

"कोणी बोलावलं नसताना?"

"नसताना."

नात आज्जीकडे वळली. "तू परत गेलीस?"

"मग काय करू? तुझा रंग तिच्याकडंच हुता."

नात कापडाची घडी घालू लागली. घडी नीट पडली होती तरी तिने ती मोडून पुन्हा घातली. पत्नीने मला कोपर मारले, का ते मला समजले नाही.

"अट तर मोडलीस तू," नात म्हणाली.

"मोडली. पुण्याला कंदी जायचं ते सांगा. मी येत नाय, पन साडी आना मला एक."

"पुण्याला नाही जायचं. गुलमंडीतच घेऊ. बोलायचं तूच." मग तिने बोट वर केले. "पण आता खरंच उठायचं नाही हं, आज्जी. त्या लोकांसमोर नाही."

"नाय उठत. तुझ्या गळ्याची आन."

महिन्याभराने बस्ता झाला. पुण्याहून मुलाची आई, काकू आणि आजी आल्या. आजी बारीक, पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी चहात साखर कमी सांगितली, त्यापलीकडे तासभर त्या काही बोलल्या नाहीत. साड्या उलगडल्या गेल्या. भाव निघाला. आक्कांनी निम्मा सांगितला. दुकानदाराने कानाला हात लावला. सगळे रीतीप्रमाणे चालले होते, आणि मग उठायची वेळ झाली.

आक्का उठल्या नाहीत.

दुकानदार थांबला. त्याने एक साडी उगाच झटकली. जिन्याकडे पाहिले, आक्कांकडे पाहिले.

"आक्का, गुडघे दुखतात का?" त्याने हळूच विचारले.

"नाय."

"मग?"

"बसलेय."

"ते दिसतंय. पण तुम्ही बसून राहिलात तर मी भाव कमी कसा करू? काहीतरी कारण द्या की मला!"

आक्कांनी दोन्ही हात मांडीत घट्ट धरले होते. पुन्हा चहा आला. वीस मिनिटे गेली, आकडा हलला नाही. आमच्याकडची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. नात गालिच्याकडे पाहत होती.

तेव्हा पुण्याच्या आजींनी चष्मा काढला, पुसला आणि त्याच्या घरात ठेवला. घराचे झाकण टक्कन वाजले.

"चला, सूनबाई," त्या म्हणाल्या. "आपण दुसरीकडे बघू." आणि उभ्या राहिल्या.

त्यांच्या सुनेने लगेच पर्स खांद्याला लावली. तिला याची सवय असल्याचे दिसत होते. दुकानदार ताठ बसला. आक्का जागच्या हलल्या नाहीत. पण त्यांनी आजींकडे असे पाहिले, जसे परगावी अचानक आपल्या गावचे माणूस भेटल्यावर पाहतात. मग त्या नातीकडे वळल्या.

"जा की, आज्जी," नात म्हणाली.

"असं नाय. नीट सांग. ऊठ म्हन."

"ऊठ."

शब्द पुरा व्हायच्या आत आक्का उभ्या होत्या. जिन्याशी दोघी आज्ज्या वाकून चपला शोधू लागल्या. ही तुमची, नाही हो, ती माझी, असे बराच वेळ चालले. मग एकमेकींचा दंड धरून दोघी पायऱ्या उतरू लागल्या. दुकानदाराचा चेहरा तासाभरात पहिल्यांदा सैल झाला. तो गादीवरून पुढे सरकला, हाक मारायला त्याने तोंडाशी हात नेला.

नातीने त्याला थांबवले.

"एवढ्यात नको, काका," ती म्हणाली. "खाली रस्त्यावर पोचू द्या दोघींना."